ऐपत पाहून कागद

तवसीलिंगमला कागदातलं काही कळत नव्हतं असं म्हटलं तर तो अन्याय होईल. कळत होतं. डोळे मिटून, अंगठा आणि तर्जनीत कागदाचं टोक धरून तो वजन सांगायचा आणि ते सहसा बरोबर निघायचं. कागद कानाशी झटकून तो कुठल्या गिरणीचा हेही सांगायचा. पण त्यात विशेष काय? शिवकाशीत असं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. इथल्या जमिनीत दुसरं काही पिकत नाही, म्हणून लोक फटाके, काडेपेट्या आणि छपाई यांवर जगतात. फरक इतकाच की बाकीचे लोक कागद ओळखून कामाला लागायचे. तवसीलिंगम मात्र कागद ओळखून झाला की आजूबाजूला पाहायचा, कुणाचं लक्ष होतं का. नसलं तर तोच कागद पुन्हा एकदा ओळखायचा.

दुरैपांडी मुदलाळींच्या छापखान्यात तो कागद निवडायच्या कामावर होता. मुदलाळी म्हणजे मालक. गिऱ्हाईक आलं की त्याला माडीवरच्या नमुन्यांच्या खोलीत पाठवायचं आणि कुठल्या कागदावर काय छापायचं ते तवसीलिंगमने ठरवायचं, अशी तिथली रीत. गिऱ्हाईक आत आलं की हा पहिल्यांदा पंखा बंद करायचा. वाऱ्याने कागदाचा आवाज बिघडतो म्हणे. समोरचा माणूस घामाने निथळत बसायचा आणि त्याला वाटायचं, बाप रे, केवढा जाणकार! उकाड्याने अर्धमेलं झालेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, एवढाच त्या पंख्याचा खरा उपयोग होता.

मग सुरू व्हायची चौकशी. कागद कशाला हवाय, हे तो कधीच विचारायचा नाही. पत्रक लोकांच्या हातात पडणार की भिंतीवर डकवलं जाणार, घडी घालायची की नाही, त्यावर कुणी काही लिहिणार का, ते उन्हात राहणार की तेलकट टेबलावर, यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघायचं नाही. तो आधी माणसाच्या चपला बघायचा. मग विचारायचा, "घर किती मजली? गाडी कुठली? मुलगी कुठल्या घरात दिलीय?" आणि उत्तरं ऐकून, डोळे अर्धे मिटून, निकाल द्यायचा.

"कागद माणसाला शोभला पाहिजे," असं तो म्हणायचा. हे वाक्य स्वतःचं असल्याचा त्याला फार अभिमान होता.

इरुळप्पन नावाचा एक परोट्याची खानावळ चालवणारा आला होता. त्याला टेबलावर ठेवायला पदार्थांची यादी छापून हवी होती. पायात रबरी सपाता. तवसीलिंगमने त्याला सगळ्यात हलका, साधा, खरखरीत कागद दिला. "परोटा खाणारा वाचतो थोडाच!" असं त्याच्या तोंडावर म्हणालाही. आठवडाभरात ती यादी इतका रस्सा प्याली की अंडा-परोटा कुठला आणि कोंबडी कुठली, हे वासावरून ओळखायची पाळी आली. त्याच महिन्यात कोविलपट्टीचा एक सराफ आला, बोटात चार अंगठ्या. त्याला दागिन्यांची घडीपत्रिका हवी होती. त्याला तवसीलिंगमने असा जाडजूड, चकचकीत पुठ्ठा दिला की घडी घालताच नेमक्या हाराच्या चित्रावर भेग पडून आतला पांढरा कागद दिसू लागला. जिथे चकचकीत हवा तिथे खरखरीत, जिथे लवचीक हवा तिथे पुठ्ठा. आंधळ्यानेसुद्धा इतका नेम धरून चुका केल्या नसत्या.

यावर कुणी म्हणेल, मग मालकाने त्याला ठेवला कसा? दुरैपांडी मुदलाळी काय दूधखुळे होते? इरुळप्पन महिन्याभरात दुसरी यादी छापायला आला आणि सराफही दुसरी पत्रिका छापायला आला. चुकलेला कागद म्हणजे पुन्हा काम. आणि गिऱ्हाइकं तरी काय लायकीची! सराफाला वाटलं, आपल्या माणसांनाच घडी घालता येत नाही. इरुळप्पनला वाटलं, आपणच गरीब. पंखा बंद करणाऱ्या माणसाची चूक असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट सगळे त्याला वाकून 'अण्णाच्ची, अण्णाच्ची', म्हणजे दादा, दादा, करायचे, आणि हा शिंक्यातल्या बोक्यासारखा फुगून बसायचा.

या माणसाला कयल नावाची एक मुलगी होती. ती बापावर गेली नव्हती. हे तिच्या आईचं, सोर्णमचं, पुण्य समजायचं. कयल त्याच छापखान्यात खालच्या मजल्यावर संगणकावर चित्रं आणि अक्षरं जुळवायची. गिऱ्हाइकाशी बोलायची, त्याचं ऐकून घ्यायची आणि हसायचीही. तूत्तुकुडीच्या सुयंबूंचा मुलगा तिरुमणी दर वर्षी त्यांच्या कॅलेंडरचा मसुदा तपासायला यायचा. एका पानात तपासण्यासारखं असतं तरी काय? पण तो दोनदोनदा यायला लागला, तेव्हा सगळ्यांना कळलं. कयललाही तो आवडला होता. तिने ते आईला सरळ सांगितलं.

सुयंबू म्हणजे तूत्तुकुडीचे मोठे किराणा व्यापारी. बंदराच्या रस्त्यावर दोन दुकानं. त्यांचं कॅलेंडर म्हणजे वर पुठ्ठ्यावर तिरुचेंदूरच्या मुरुगन देवाचं चित्र, खाली दुकानाचं नाव आणि त्याखाली रोज एक पान फाडायचा तारखांच्या पानांचा गठ्ठा, म्हणजे दट्ट्या. वर्षानुवर्षं तेच चित्र आणि तोच पातळ मळकट कागद. किनाऱ्यावरच्या घराघरांत, चुलीशेजारी ते टांगलेलं असायचं. ते नुसते गिऱ्हाईक होते तोवर तवसीलिंगम त्यांना 'मिठाच्या वासाचा माणूस' म्हणायचा. कयलला मागणी आली तेव्हा मात्र त्याने त्यांच्या घराचे मजले मोजले, ते तीन निघाले, आणि एका दुपारीत मिठाचा वास उडून गेला. आडी महिना, म्हणजे आमचा आषाढ, लागायच्या आत तांबूल बदलून साखरपुडा झाला आणि लग्न संक्रांतीनंतर, तै महिन्यात धरलं.

आडीची अठरावी आमच्या गावात छापखानेवाल्यांचा सण असतो. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरांचे नमुने त्या दिवशी देवापुढे ठेवतात, नारळ फुटतो आणि मग गावोगावचे व्यापारी पानं चाळत मागण्या नोंदवतात. सुयंबू त्या दिवशी बायकोला, पोन्नुताईला, घेऊन आले. माडीवर बसले. व्याही, म्हणजे सम्मंदी, म्हणून त्यांच्यासाठी पंखा चालू राहिला, यावरून काय ते ओळखा.

"आमचं नेहमीचंच, अण्णाच्ची," सुयंबू म्हणाले.

तवसीलिंगमला ते लागलं. "नेहमीचं? सम्मंदी, आजवर ते तुमचं कॅलेंडर होतं. आता ते माझ्या मुलीच्या सासरचं कॅलेंडर आहे. त्याला तो वाण्याच्या पुडीचा कागद लावू?"

असं म्हणून त्याने कपाटातून एक गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी चमकणारा कागद काढला. परदेशी मासिकांना वापरतात तसला. तारखेचं प्रत्येक पान याच्यावर छापायचं, त्याने जाहीर केलं.

कयल मसुदा घेऊन वर आली होती. तिने कागदावरून बोट फिरवलं. "अप्पा, हे फाटेल ना नीट?"

"फाडायचं कशाला? असा कागद कुणी फाडतं का?"

"तारखेचं पान आहे. रोज फाडायचंच असतं ते."

"तुझ्या सासरच्यांना मी फाडायला कागद देऊ? लोक काय म्हणतील?"

सुयंबू जरा चाचरत म्हणाले, "तसं नाही हो. आमचं गिऱ्हाईक साधं. बायका त्या पानामागे दुधाचा हिशोब लिहितात, देवळातली विभूती त्यात पुडी करून आणतात. त्यांना असं जरा..."

"मग त्यांना म्हणावं, जरा वर या," तवसीलिंगम म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

पोन्नुताईने नवऱ्याकडे पाहिलं. मुलाच्या बापाने मुलीच्या बापापुढे मान खाली घालावी, असा प्रसंग आमच्याकडे विरळा. पण सुयंबू भिडस्त माणूस, आणि भीड भिकेची बहीण. नवं नातं, पहिलाच शब्द, कशाला मोडायचा? ते 'बरं' म्हणाले.

मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर, कॅलेंडरं तयार झाली आणि शेजारच्या छापखान्यांतली माणसंही ती बघायला आली. दट्ट्या आरशासारखा चमकत होता. नुसत्या दिसण्यावर जायचं तर देखणाच होता, खोटं कशाला बोला. एकच गोष्ट कुणाच्या मनात आली नाही. शिवकाशीची हवा ठणठणीत कोरडी आहे, म्हणून तर इथे छपाई बहरली. इथे कागद फुगत नाही, वाकत नाही, एकमेकांना चिकटत नाही. अशा गावात जन्म काढलेल्या माणसाला जगात दमट हवा नावाची चीज आहे, हेच आठवेनासं होतं. बाकीचे निदान माल कुठे जाणार ते विचारून घेतात. तवसीलिंगमने मजले विचारले होते, समुद्र विचारला नव्हता.

तूत्तुकुडीत त्या वर्षी पाऊस लांबला आणि नव्या वर्षातही समुद्राचा ओला वारा वाहत राहिला. सुयंबूंनी कॅलेंडरं वाटली आणि दुसऱ्याच दिवसापासून नाटक सुरू झालं. नाकापेक्षा मोती जड. त्या वजनाने जुन्या भिंतींतले खिळे निघून आले. पानं ओल धरून एकमेकांना चिकटली. एक ओढावं तर चार यायची, जोर लावावा तर नुसता कोपरा हातात यायचा. ज्या घरात शुक्रवार उजाडला होता तिथे कॅलेंडरावर अजून सोमवारच होता. दुधाचा हिशोब लिहायला जावं तर पेन घसरायचं आणि लिहिलेलं पुसलं जायचं. विभूतीची पुडी बांधावी तर ती आपोआप उलगडून विभूती पदराला लागायची. एका म्हातारीने अमावास्येला कावळ्याला ठेवायचा भात दुसऱ्या दिवशी ठेवला. पितर उपाशी राहिले म्हणून तिने भर दुकानात येऊन रडारड केली.

आणि टिंगल? तिला काय तोटा! मीठ घ्यायला आलेला हमालही गल्ल्यापुढे उभा राहून विचारायचा, "सुयंबू अण्णाच्ची, आज तुमच्या दुकानात वार कुठला?" शेजारचा स्पर्धक व्यापारी तर आपल्या दारात मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आमच्याकडे दिवस रोज बदलतो, या!"

लग्न तोंडावर आलं असताना सुयंबू आणि पोन्नुताई शिवकाशीला आले. भांडायला नव्हे. बरोबर मकरूनचा, म्हणजे तिकडच्या काजूच्या मिठाईचा, डबा आणला होता, हसत घरात आले, बसले. सोर्णमने कॉफी दिली. कयल दाराशी उभी होती.

सुयंबू म्हणाले, "अण्णाच्ची, झालं ते झालं. पुठ्ठे चांगलेच आहेत, त्यांना हात लावायचा नाही. नुसता दट्ट्या पातळ कागदाचा छापून घेऊ, खर्च मी बघतो. तुम्ही फक्त एक दिवस दुकानावर या आणि चार माणसांपुढे म्हणा, की कागद आमच्याकडून चुकला. तेवढ्याने लोकांची तोंडं बंद होतील. माझं दुकान लोकांच्या विश्वासावर चालतं हो."

एवढंच मागणं होतं. शहाण्या माणसाने हात जोडून 'येतो' म्हटलं असतं आणि वर कॉफी घ्यायचा आग्रह केला असता. पण तवसीलिंगमच्या आतलं जे काही होतं ते या एका शब्दावर उभं होतं, की आपण चुकत नाही. तो काढून घेतला तर खाली काय उरणार होतं, देव जाणे.

"कागद चुकला?" तो म्हणाला. "कागदाला नाव ठेवायचं काम नाही. मी तुमची ऐपत बघून कागद दिला. ऐपत कमी पडली ती तुमच्या गिऱ्हाइकाची. मासळीचे हात लावले तर रेशीमसुद्धा चिकटेल."

 मग पोन्नुताई उठली.

"माझ्या आईने सुकी मासळी विकली," ती शांतपणे म्हणाली. "डोक्यावर टोपली घेऊन, दारोदार. त्याच हातांनी ती आमच्या घरातल्या कॅलेंडरचं पान फाडायची, रोज सकाळी, आंघोळ करून. चला हो."

सुयंबूंनी डबा तिथेच ठेवला, कॉफी मात्र तशीच राहिली. उंबऱ्यात सोर्णमने त्यांना गाठलं. "अण्णा, लग्नाचं..."

"विचार करून कळवतो, अक्का," सुयंबू तिच्याकडे न बघता म्हणाले. विचार करून कळवतो म्हणजे काय, हे लग्नाच्या मुलीच्या आईला समजावून सांगावं लागत नाही.

आणि आत तवसीलिंगम काय करत होता? मुलीचं लग्न उंबरा ओलांडून निघून गेलं आणि हा आपली कॉफी निवली म्हणून चिडला होता. "येतील परत," त्याने बायकोला सांगितलं. "एवढा कागद त्यांना दुसरं कोण देतंय?" अशा माणसाची कीवही करवत नाही.

कयल रडली की नाही, ते तिने कुणाला दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दुरैपांडी मुदलाळींसमोर जाऊन उभी राहिली आणि पातळ कागदाचे दट्टे छापून मागितले. मुदलाळींना जुनं गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. छापून मिळाले. मग आईला घेऊन, गठ्ठे बसच्या टपावर चढवून, ती तूत्तुकुडीला गेली आणि कुणाला न विचारता सुयंबूंच्या दुकानासमोर बाकडं टाकून बसली. चिकटलेलं कॅलेंडर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा जुना दट्ट्या काढायचा, नवा लावायचा आणि म्हणायचं, "चूक आमच्याकडून झाली, अक्का. दुकानाची नाही." माणसं आधी टोमणे मारायची, मग तिच्याकडे बघून निमूट कॅलेंडर पुढे करायची. ती अमावास्येवाली म्हातारीही आली. कयलने तिला विचारून घेतलं, की आता काय केलं म्हणजे पितरांचं समाधान होईल, आणि तो भात दुसऱ्या दिवशी स्वतः रांधून आणला.

पोन्नुताई दोन दिवस आतून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने बाहेर येऊन मायलेकींना जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणाली, "मुलगी मला हवीच होती आणि हवीच आहे. पण त्या माणसाचं तोंड माझ्या मांडवात मला ऐकायचं नाही."

"ते येतील, अत्तै," कयल होणाऱ्या सासूला म्हणाली. "बोलणार नाहीत."

घरी येऊन तिने बापाला सांगितलं, ते असं. "अप्पा, लग्न ठरल्या दिवशीच आहे. तुम्ही यायचं, माझा हात द्यायचा, पाणी सोडायचं. पण मांडवात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत तुमच्या तोंडून एक शब्द निघता कामा नये."

"मी बाप आहे तुझा!"

"म्हणून तर बोलावतेय."

"आणि बोललो तर?"

"तर मामा हात देईल. तो तयार आहे."

त्याने सोर्णमकडे पाहिलं. ती भेंडी चिरत होती. तिने मान वर केली नाही. आयुष्यभर त्याची बडबड ऐकलेल्या त्या बाईने त्या दिवशी त्याला एका शब्दाचाही आधार दिला नाही, आणि बरंच केलं.

तो गेला. दुसरं करणार काय? रेशमी वेष्टी, म्हणजे आमचं धोतर, नेसून मांडवात बसला आणि तोंडाला कुलूप. लोक येत होते, हात जोडत होते, तो नुसती मान हलवत होता. कुणीतरी मंगल कार्यालयाची जाहिरात-पत्रिका त्याच्या हातात दिली. "अण्णाच्ची, तुम्ही यातले दर्दी. कागद कसा वाटतो?" त्याचा चेहरा लाल झाला, घाम फुटला, आणि त्याने पत्रिका खिशात घातली. वराकडचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मुलीचा बाप भारदस्त आहे हो. उगाच बोलत नाही." ते तवसीलिंगमने ऐकलं. आणि बघता बघता हा माणूस त्या मौनातही फुगला! पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर जाणत्याचं हसू. जेवणाची पंगत बसेपर्यंत त्याची खात्री झाली होती की गप्प बसायची कल्पना त्याचीच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, दुसरं काय!

मुलीच्या पाठवणीची वेळ झाली. दारात गाडी उभी होती. कयल आईच्या गळ्यात पडली, मग बापापुढे आली आणि वाकून तिने त्याच्या पायांना हात लावला.

तिच्या मानेवर ओघळलेला मोगरा त्याला दिसला आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याचा सगळा ताठा उतरला.  जाणत्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. आतून एक शब्द वर आला. त्यात ना कागद होता, ना त्याची स्वतःची फुशारकी. सुखी राहा, एवढंच. इतका साधा शब्द या माणसाच्या ओठांवर बहुधा कधी आलाच नव्हता. त्याने तोंड उघडलं.

कयल उठून उभी राहिली होती. तिने मागे पाहिलं, पोन्नुताई गाडीपाशी थांबली होती. मग बापाच्या उघड्या ओठांकडे पाहून ती हलकेच म्हणाली, "नको, अप्पा. मनातल्या मनातच म्हणा."

आणि सासूच्या मागून ती गाडीत जाऊन बसली.